ट्रेंटकाठी लांब रॉड घेऊन बार्बेलच्या मागे

शुक्रवार, नॉटिंगहॅम

फ्लोटवर, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेवर, बार्बेल नावाचा मासा पकडायचा तर रॉड किती फुटी घ्यावा, या एका प्रश्नासाठी सप्टेंबरच्या अखेरीस मी नॉटिंगहॅमला मामांकडे आलो. इंग्लंडमध्ये बार्बेलवाले बहुतेक जण जड फीडर, म्हणजे चारा भरलेली वजनदार डबी, तळाला टाकतात, रॉड स्टँडवर ठेवतात आणि शेंडा वाकायची वाट बघतात. मामांना ते रुचत नाही. त्यांची रीत अशी की फ्लोट धारेबरोबर सोडायचा, आमिष तळालगत सरकत न्यायचं, रॉड दिवसभर हातात ठेवायचा. पंचाईत इथेच आहे. फ्लोट नीट चालवायला हलका, लांब रॉड हवा आणि बार्बेलला आवरायला दमदार. या दोन गोष्टी एका काठीत सहजासहजी मिळत नाहीत.

बार्बेल आपल्या महसीरच्याच कुळातला. तोंड खालच्या बाजूला, ओठांभोवती मिशांच्या दोन जोड्या, पोट सपाट, अंग लांबट आणि सगळं धारेत तळाला चिकटून राहण्यासाठी घडलेलं. मोठमोठे परांचे पंखे पसरून तो वाहत्या पाण्याचाच दाब अंगावर घेतो आणि खाली बसतो. 2006 साली ग्रेट ऊझ नदीत 21 पाउंड 1 औंसाचा बार्बेल मिळाला, तो तेव्हाचा ब्रिटनचा विक्रम. ट्रेंट नदीवर फ्लोटला लागणारे मासे त्याच्या निम्म्याच्या आसपास असले तरी पुष्कळ झाले. धारेतला आठ पाउंडी बार्बेलसुद्धा हात भरून आणतो.

दुपारी मामा मला दुकानात घेऊन गेले. मी 13, 15 आणि 17 फुटी असे तीन रॉड काढायला सांगितले आणि लांबी निरखू लागलो. मामा म्हणाले, "अरे, काठी मोजून काय बघतोस? वाकवून बघ."

मग त्यांनी जे करून दाखवलं ते मी जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे. आधी रॉडवर रीळ चढवायचं, कारण रिळाशिवाय रॉडचा तोल कळत नाही. एका हाताने आडवा धरायचा आणि नुसतं उभं राहायचं. दोन मिनिटांत मनगट बोलू लागतं. 17 फुटीचं एकूण वजन 15 फुटीपेक्षा फार नव्हतं, पण शेंड्याकडचा भार जाणवत होता. टोकाला ओलं फडकं बांधल्यासारखी काठी सतत खाली ओढत होती. दुकानाच्या तक्त्यावर रॉडचं वजन ग्रॅममध्ये छापलेलं असतं. ते वजन कुठे आहे, हे त्यावरून समजत नाही.

दुसरी परीक्षा हिसक्याची. मनगटाला छोटासा झटका द्यायचा आणि शेंडा किती लवकर थांबतो ते बघायचं. जो शेंडा डोलत राहतो तो फ्लोटही डोलवतो, आणि मासा लागल्यावर दिलेला हिसका टोकापर्यंत उशिरा पोचवतो.

तिसरी परीक्षा खरी. मामांनी कड्यांतून तंगूस ओवला, टोक हातात घेऊन जमिनीशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "उचल मला. हळूहळू." एका 15 फुटी रॉडचा शेंडा पटकन वळला आणि वाकणं मधल्या तुकड्यातच अडकलं, खालचा तुकडा सरळच राहिला. दुसऱ्या 15 फुटीचं वाकणं ताण वाढेल तसं खाली उतरत गेलं, थेट मुठीच्या वर हातभरापर्यंत. तंगूस कुठे रॉडच्या नळीला घासतो का, तेही त्याच वेळी बघून घ्यायचं. कड्या कमी असतील तर वाकलेल्या रॉडवर तो हमखास घासतो.

बार्बेलच्या साध्या रॉडवर टेस्ट कर्व्ह लिहिलेला असतो, म्हणजे शेंडा बुंध्याशी काटकोनात यायला किती वजन लागतं तो आकडा. सव्वा पाउंड, दीड पाउंड, पावणेदोन. जुना ठोकताळा असा की त्याला पाचाने गुणलं की साधारण किती ताकदीचा तंगूस चालेल ते कळतं; सव्वाला सहा पाउंडाच्या थोडा वर. फ्लोटच्या रॉडवर मात्र सहसा टेस्ट कर्व्ह नसतो, तंगुसाची मर्यादा असते. तीन ते पाच पाउंड लिहिलेला रॉड रोच आणि डेस या लहान माशांसाठी. बार्बेलसाठी सहा ते आठ लिहिलेलाच हातात घ्यावा, मग तो थोडा जड का असेना.

खरेदी काहीच केली नाही. मामांकडे तिन्ही लांबीचे रॉड आहेत. ते नदीवर वापरून मगच ठरवायचं, असं आमचं ठरलं. फक्त फ्लोटला लावायचे वजनाचे मणी घेतले. ते शिशाचे नसतात. 0.06 ग्रॅमपासून 28.35 ग्रॅमपर्यंतची शिशाची वजनं इंग्लंडमध्ये 1987 पासून विक्रीला बंद आहेत, कारण ती गिळून हंस मरत होते. ट्रेंटवर हंसांचे कळप दिसतात तेव्हा या कायद्याचं मोल कळतं.

शनिवार, फिस्करटन

नॉटिंगहॅम आणि न्यूअर्कच्या मधलं नदीकाठचं गाव. पलीकडच्या बाजूला ईस्ट स्टोक. तिथे 16 जून 1487 ला स्टोक फील्डची लढाई झाली, इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या गुलाबांच्या युद्धांतली शेवटची. योगायोग असा की इंग्लंडच्या नद्यांवर मासेमारीचा हंगाम उघडतो तोही 16 जूनलाच. 15 मार्चपासून 15 जूनपर्यंत नदीला हात लावायचा नाही, कारण वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी मासे अंडी घालतात. बार्बेल तर त्यासाठी उथळ गोट्यांवर चढून येतो.

आमच्या जागी पाणी एकसारखं, माणसाच्या चालीने वाहत होतं. काठावरून नदीकडे तोंड केलं की उजवीकडून डावीकडे. मामांनी आधी खोली मोजली: गळाला वजन अडकवून फ्लोट वर-खाली सरकवत, दहा-बारा ठिकाणी. तळाला वाळूमिश्रित गोटे असलेला एक लांब पट्टा सापडला. त्यावर उकडलेलं हेम्पचं बी आणि मॅगॉटचे, म्हणजे माशीच्या अळ्यांचे, कोष, ज्यांना इथे कॅस्टर म्हणतात, मूठमूठभर टाकत राहिलो. तासभर गळ टाकलाच नाही. चाऱ्यावर मासे निर्धास्त होईपर्यंत थांबणं फ्लोटच्या मासेमारीत फार महत्त्वाचं आहे, आणि लोक नेमकी तिथेच घाई करतात.

मी आधी 13 फुटी घेतला. सहा ग्रॅमचा जाड डोक्याचा फ्लोट, मण्यांचा मुख्य गठ्ठा गळाच्या वर दोन हातांवर, खाली दोन बारीक मणी. मुख्य तंगूस सहा पाउंडी, गळाजवळचा तुकडा पाच पाउंडी, म्हणजे तुटलाच तर खालचा तुटेल आणि माशामागे फ्लोट फरपटत जाणार नाही. फ्लोट काठापासून दोन रॉड अंतरावर सोडला, तो निघाला. दहा-पंधरा यार्डांपर्यंत सगळं छान. पुढे मधल्या जोरकस धारेने तंगुसाचं पोट फुगवलं आणि फ्लोट आतल्या बाजूला ओढला जाऊ लागला. मी रॉड उचलून तंगूस मागे टाकायचो. जमायचं, पण प्रत्येक वेळी फ्लोट थोडा हलायचा.

मग 15 फुटी. दोन फुटांनी काय होणार असं वाटतं, पण रॉड उंच धरल्यावर शेंड्यापासून फ्लोटपर्यंतचा बराच तंगूस पाण्याला शिवतच नाही. जो शिवतो तो एका सावकाश उचलीत वरच्या अंगाला, म्हणजे धार येते त्या बाजूला, ठेवता येतो. आणि फ्लोट रोखून धरता येतो. या रोखण्यातच सगळी कला आहे. पृष्ठभागावरचं पाणी तळाच्या पाण्यापेक्षा जोरात वाहतं. फ्लोट मोकळा सोडला तर तो पुढे पळतो आणि आमिष मागून फरपटत येतं. फ्लोट किंचित अडवला की आमिष त्याच्या पुढे जातं, तळाच्या पाण्याच्या गतीने, आणि माशाला सर्वात आधी तेच दिसतं. खोलीपेक्षा वीतभर जास्त तंगूस सोडून असा अडवत अडवत फ्लोट न्यायचा. मामा सेंटरपिनच्या, म्हणजे मोकळ्या फिरणाऱ्या चकतीच्या रिळाच्या, कडेवर अंगठा टेकवून हे करतात. चकती धारेनेच फिरते, अंगठा फक्त लगाम धरतो.

17 फुटीने हे सगळं आणखी सोपं व्हायला हवं, आणि झालंही. वीस यार्डांवरचा फ्लोट मी जिथे म्हणेन तिथे थांबत होता. पण अर्ध्या तासाने दंड भरून आला आणि मी कोपर कमरेला टेकवू लागलो. कोपर टेकलं की शेंडा खाली येतो, शेंडा खाली आला की तंगूस पाण्यावर पडतो. म्हणजे ज्यासाठी लांब काठी घेतली तेच हातचं जातं. दिवसभर उंच धरता येईल तेवढीच लांबी खरी, असं माझं मत तिथे बनलं.

दुपारपर्यंत डेस आणि दोन बऱ्यापैकी चब मिळाले. पहिला बार्बेल चारच्या सुमारास, 15 फुटीवर. फ्लोट बुडाला तो बुडबुडून नाही, सरळ खाली गेला. मी रॉड मागे-वर ओढला आणि तळ अडकल्यासारखं वाटलं. मग तो तळ नदीच्या मध्याकडे निघाला.

इथे लांब रॉडचं गणित अंगाला कळतं. मासा एक किलोच्या जोराने ओढतोय असं धरा आणि रॉड सरळ राहिला असं धरा. हातापासून शेंडा चार मीटर लांब. मुठीचा मागचा भाग हातामागे अर्धा मीटर, कोपराखाली टेकलेला. म्हणजे कोपराला आठ किलोचा रेटा झेलावा लागतो. 12 फुटी रॉडवर हाच रेटा सहा किलोंच्या आसपास येतो. तरफ माशाच्या बाजूने आहे; काठी जितकी लांब तितका मासा जड. पण रॉड बुंध्यापर्यंत वाकला की हातापासून शेंड्याचं आडवं अंतर चारवरून अडीच मीटरवर येतं आणि कोपरावरचा रेटा आठवरून पाच किलोंवर. दुकानातली ती तिसरी परीक्षा यासाठी होती. ज्या लांब रॉडचा फक्त शेंडा वाकतो, त्याचा खालचा सरळ भाग तुमच्या हाताविरुद्ध काम करत राहतो, आणि मासा मात्र दमत नाही.

मामा मागून एवढंच म्हणाले, "काठी आडवी कर, वर नको." मी रॉड पाण्याला समांतर, वरच्या अंगाला झुकवला. उभा ताण माशाला फक्त वर उचलायला बघतो आणि बार्बेल त्याला दाद देत नाही. बाजूने ओढलं की त्याचं डोकं वळतं आणि धार त्याच्या कुशीवर येते. तीन-चारदा असं वळवल्यावर तो काठाकडे आला. साडेपाच पाउंडांचा, पितळी रंगाचा, परांच्या कडा केशरी. जाळीतच, पाण्यात ठेवूनच गळ काढला. गळाला उलटा काटा नव्हता, त्यामुळे चिमटाही लागला नाही.

रविवार

पहाटेपासून पाऊस आणि नैर्ऋत्येचा वारा. फिस्करटनपाशी नदी ईशान्येला वाहते, म्हणजे हा वारा वरच्या अंगाकडून, धारेच्याच दिशेने. तंगूस फ्लोटच्या पुढे उडवणारा, फ्लोटवाल्याला सर्वात नकोसा. फ्लोटच्या वर हातभर अंतरावर एक बारीक मणी लावून तंगूस बुडवता येतो, पण या वाऱ्यात 17 फुटी काठी धरणं व्यर्थ होतं. तासाभरात आवरलं.

वाटेत शेताच्या कडेने जाताना विजेच्या तारा नदी ओलांडतात तिथे मामांनी रॉडचे तुकडे सुटे करायला लावले. रॉडमधला कार्बन वीज वाहून नेतो आणि लांब ओला रॉड खांद्यावर उभा धरून तारांखालून जाणं जीवघेणं ठरू शकतं. तारांपासून 30 मीटरच्या आत मासेमारी करू नये असा इथला नियमच सांगितला जातो. ट्रेंटच्या खोऱ्यात एकेकाळी कोळशावरच्या वीजकेंद्रांची रांग होती. त्यातलं रॅटक्लिफ-ऑन-सोर सप्टेंबर 2024 ला बंद झालं, ते ब्रिटनमधलं कोळशावरचं शेवटचं केंद्र. पण तारा अजून सगळीकडे आहेत. जागा निवडताना मी आता पाण्याआधी आभाळाकडे बघतो.

दुपारी शहरात, ट्रेंट ब्रिजवर. आपल्याला हे नाव क्रिकेटमुळे ठाऊक. पूल 1871 चा आहे आणि त्याच्या भिंतीवर पुरांच्या पातळ्या कोरल्या आहेत. मामांना मला ती नदी दाखवायची होती जिच्यावर ही रीत घडली. लेस विणणाऱ्या या शहरात एकोणिसाव्या शतकात लाकडाची मोकळी फिरणारी रिळं वापरात आली आणि फ्लोट धारेत दूरवर सोडून मासे धरायच्या पद्धतीला नॉटिंगहॅम पद्धत असंच नाव पडलं. पुढे धातूची हलकी सेंटरपिनं आली. मामांच्या अंगठ्याखाली फिरते ती चकती त्याच घराण्यातली. कड्यांमधला तंगूस मोकळ्या हाताने ओढत, चकती फिरवत फेकायची वॉलिस रीतही नॉटिंगहॅमच्याच एका मासेमाराच्या नावाने ओळखली जाते. संध्याकाळपर्यंत पाणी गढूळ होऊन चढायला लागलं होतं.

सोमवार, कोलिंगहॅम

न्यूअर्कच्या खाली क्रॉमवेलच्या बंधाऱ्यापर्यंत समुद्राची भरती पोचते. बंधाऱ्याखालच्या पूर्वेच्या काठावर आम्ही दिवसाचं तिकीट काढून बसलो. पलीकडे बोटी वर-खाली नेणाऱ्या लॉकपाशी स्मारक आहे: 28 सप्टेंबर 1975 च्या रात्री सरावावर असलेले दहा सैनिक या बंधाऱ्यावरून बोटीसह ओढले जाऊन बुडाले. बंधाऱ्याखालचं पाणी काय करू शकतं हे तिथे उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. आम्ही फेसाळत्या भागापासून पुष्कळ खाली, काठावर घट्ट पाय रोवायला जागा बघून बसलो.

नदी फूटभर चढलेली, रंग दुधाळ चहाचा. बार्बेलला असं पाणी आवडतं. फ्लोट दहा ग्रॅमचा, गळ 12 नंबरचा, त्यावर मांसाचा तुकडा. इथे पाणी डावीकडून उजवीकडे. शनिवारची सगळी सवय उलटी करावी लागली: उजव्या हातात रॉड, धार उजवीकडे, म्हणून वरच्या अंगाचा ताण छातीसमोरून डावीकडे न्यायचा. 15 फुटी हातात घेऊन बसल्या जागी चार-सहा वेळा तो ताण नुसता करून बघितला. मासा लागल्यावर शिकायला वेळ नसतो.

भरतीच्या वेळी धार मंदावली आणि काहीच लागलं नाही. ओहोटीबरोबर धार परत आली. फ्लोट काठाच्या दगडांच्या समांतर, पाण्याच्या दोन गतींच्या शिवणीवरून चालला होता. मी त्याला अडवला, तो थरथरला, सोडला, आणि गेला.

हा मासा वेगळा होता. ताण लागताच तो खाली, धारेबरोबर निघाला. मी बोटाने रिळाला रोखत थोडा तंगूस दिला, पण मामा ओरडले, "देऊ नकोस, चालू लाग!" दूर गेलेला मासा आणि मधली सगळी धार, असं दुहेरी वजन लांब रॉडवर झेलण्यापेक्षा काठाने त्याच्यामागे जाऊन त्याच्या बरोबरीला येणं केव्हाही बरं. तीस-चाळीस पावलं चाललो. बरोबरीला आल्यावर रॉड बुंध्यापर्यंत वाकला आणि पहिल्यांदाच वाटलं की ओढ माझ्याकडे आहे. तो काठाच्या दगडांखाली घुसायला आला तेव्हा 15 फुटांचा खरा उपयोग कळला: हात पुढे करून शेंडा पाण्याच्या बाजूला नेला आणि तंगूस दगडांपासून लांब राहिला. 12 फुटीवर तो तिथे घासून तुटला असता.

शेवटचा टप्पा लांब रॉडला सर्वात धोक्याचा. मासा जाळीजवळ आला की माणूस रॉड उभा करून खांद्यामागे नेतो. त्या स्थितीत सगळा भार शेंड्याच्या पातळ तुकड्यावर येतो आणि महागाचे रॉड तिथेच काडकन मोडतात. शेंड्यापासून माशापर्यंत जवळजवळ रॉडच्या लांबीइतका तंगूस ठेवायचा, दोन पावलं मागे सरकायचं आणि जाळीचा दांडा तीन मीटरचा असला पाहिजे. मामांनी जाळी आधीच बुडवून ठेवली होती. मी मासा तिच्यावर आणला, त्यांनी उचलली. पाठीच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो, तो जाळीत अडकतो. मामांनी बोटाने तो आधी सोडवला. वजन आठ पाउंड नऊ औंस.

सोडताना घाई केली नाही. दमलेला बार्बेल लगेच सोडला तर उलटा होऊन वाहून जातो. त्याला तोंड धारेकडे करून, पोटाखाली हात ठेवून नुसतं धरलं. कल्ले आधी भरभर, मग संथ. पाच-सात मिनिटांनी शेपटीने माझ्या मनगटावर जोरात फटका दिला आणि गेला. उन्हाळ्यात पाणी कोमट असतं, त्यात प्राणवायू कमी, तेव्हा याला याहून खूप वेळ लागतो. म्हणूनच कमकुवत रॉडवर बार्बेलला अर्धा तास खेळवणाऱ्यांचं मला पटत नाही. दमदार रॉड माशासाठीही बरा.

मामांनी नंतर 13 फुटीवर काठालगत एक छोटा बार्बेल काढला. दोन रॉड अंतराच्या आत, उथळ पाण्यात, झाडांखाली 13 फुटी पुरतो, उलट सोयीचा पडतो. त्यापलीकडे 15. 17 फुटी दिवसभर पिशवीतच होता.

"मग तो 17 फुटी विकताय का?" मी विचारलं.

"छे! थंडीत रोच आहेत ना," मामा म्हणाले. "हलका तंगूस, हलका फ्लोट, मासे लहान. तिथे तोच राजा."

घरी येऊन रॉडचे सगळे तुकडे पुसले, सांधे कोरडे केले, त्यांवर मेण फिरवलं. ओले सांधे एकमेकांत बसवून ठेवले की अडकतात. मग त्याच दुकानाला फोन करून तो दुसरा 15 फुटी, सहा ते आठ पाउंडी, बुंध्यापर्यंत वाकणारा, माझ्या नावाने बाजूला ठेवायला सांगितला. हंगाम 14 मार्चपर्यंत आहे आणि बार्बेल पाणी गारठेपर्यंत खातो, म्हणून ऑक्टोबरमध्येच परत यायचं ठरलंय, मधली धार ओसरली की फिस्करटनच्या त्याच गोट्यांच्या पट्ट्यावर.